चिमुकली सजावट, मोठा हिशेब : पॉलिमर क्लेच्या धंद्याची ओळख

परत आलेल्या मालाचे खोके कसे दिसते हे कापडाच्या धंद्यातील माणसाला सांगावे लागत नाही. चिकटपट्टी दोनदा मारलेली असते, कोपरे दबलेले असतात आणि वर कोणीतरी लाल शाईने काहीतरी खरडलेले असते. २०२४ च्या डिसेंबरात, २० तारखेला, असे एक खोके माझ्या सोलापूरच्या दुकानात येऊन पडले. माल माझा नव्हता, भाचीचा होता. तिच्या गल्लीत कुरिअरवाल्याला घर सापडत नाही म्हणून तिने पत्ता माझ्या दुकानाचा दिला होता. आत चारशे लहान लहान नग होते. लाल-पांढऱ्या पिळाच्या काठ्या, हिरव्या पानांची कडी, तारे, घंटा, बोटाच्या पेराएवढे मोजे. ख्रिसमसच्या झाडाला टांगावयाची ही सजावट. मोजून पाहिले तेव्हा ११८ नग मोडलेले निघाले.

भाची खोक्यापाशी बसली आणि एकेक तुकडा जुळवून पाहू लागली. "मामू, मी तर पाकिटावर लिहिल्याप्रमाणेच भाजले होते," एवढेच ती म्हणाली. पुण्याच्या दुकानदाराने सोबत चिठ्ठी पाठवली होती की, गिऱ्हाईकाच्या हातात नग मोडतो, माल ठेवता येत नाही. त्याचेही चुकले असे मला म्हणवत नाही. कापडाचे सूत निघाले तर मीही गाठ परतच करतो. पण २० डिसेंबरला परत आलेला ख्रिसमसचा माल म्हणजे चाँदरात उलटल्यानंतर परत आलेला ईदचा माल. त्याला पुढच्या वर्षापर्यंत वाली नाही.

खरे सांगावयाचे तर, तोपर्यंत या वस्तूकडे मी पोरीबाळींचा खेळ म्हणूनच पाहत होतो. त्या खोक्यानंतर मात्र काही महिने विचारपूस केली, वाचले, भाचीच्या ओव्हनपाशी बसून पाहिले. आमच्याच मोहल्ल्यात आणखी तिघी जणी हे काम करतात. इतर गावांतही करीत असतील. म्हणून जे कळले ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

ही माती नव्हे

पॉलिमर क्ले या नावात क्ले असले तरी त्यात कुंभाराची माती औषधालाही नसते. हे पीव्हीसी आहे. ज्या पीव्हीसीचे पाण्याचे नळ होतात त्याचीच बारीक भुकटी, तिला मऊ ठेवणारे तेलासारखे द्रव्य (याला प्लॅस्टिसायझर म्हणतात), रंग आणि थोडी भर. कच्ची असताना ती कणकेसारखी मळता येते आणि हवेवर वाळत नाही, महिनोन् महिने मऊच राहते. ओव्हनमध्ये ठराविक उष्णता दिली की भुकटीचे कण ते द्रव्य शोषून फुगतात, एकमेकांत मिसळून जातात आणि थंड झाल्यावर एकसंध घट्ट वस्तू तयार होते. म्हणजे पाणी उडून जाऊन ती कडक होत नाही, कण एकजीव होऊन होते. हा फरक पुढे कामी येणार आहे, वाचकांनी ध्यानात ठेवावा.

तिचा जन्म कारखान्यापेक्षा घरातच अधिक झाला. जर्मनीत केटे क्रूझे ही बाहुल्या बनविणारी प्रसिद्ध बाई होऊन गेली. १९३९ च्या सुमारास बाहुल्यांची डोकी घडविण्यासाठी तिच्याकडे एक नवे द्रव्य नमुन्यादाखल आले. तिच्या कारखान्याला ते सोयीचे वाटले नाही, तेव्हा तिची मुलगी सोफी त्याच्याशी खेळू लागली. सोफीचे घरचे नाव फिफी. तिने वर्षानुवर्षे खटपट करून ते घरगुती ओव्हनमध्ये भाजता येईल असे केले, ‘फिफी मोझाइक’ या नावाने विकले आणि १९६४ साली एबरहार्ड फाबर या पेन्सिलीच्या कंपनीला हक्क देऊन टाकले. तीच आजची ‘फिमो’. पुढे ही कंपनी न्यूरेम्बर्गच्या श्टेटलरकडे आली. अमेरिकेत साधारण त्याच काळात इलिनॉय राज्यातील पॉलिफॉर्म कंपनीने विजेच्या ट्रान्सफॉर्मरमधील उष्णता वाहून नेण्यासाठी एक लगदा तयार केला होता. त्या कामाला तो नापास झाला, पण हाताने घडवून भाजता येतो असे लक्षात आले. तो ‘स्कल्पी’ या नावाने बाजारात आला. एका ठिकाणी नापास झालेला माल दुसऱ्या पेठेत चालतो, हे आम्हा कापडवाल्यांना नवे नाही.

अमेरिकेत १९९१ साली नॅन रोश या बाईंचे ‘द न्यू क्ले’ हे पुस्तक आले आणि तेथून या कामाला हौसेच्या पलीकडे कसबाचा दर्जा मिळू लागला. बाहुलीघर सजविण्याचा छंद तिकडे जुना आहे. त्यात एका फुटाला एक इंच, म्हणजे एकास बारा, हे प्रमाण पाळतात. सहा फुटांचे झाड त्या घरात सहा इंचांचे होते आणि त्यावरचा गोळा तुरीच्या दाण्याएवढा. नाताळ, ईस्टर, हॅलोविनचा भोपळा, सगळे सण या मापात उतरविणारे कारागीर तिकडे आहेत. त्याच मापाचे किंवा थोडे मोठे नग खऱ्या झाडावर टांगायलाही घेतले जातात.

सणाची सजावट आणि घरचे कारागीर

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. झाडावर टांगायचे काचेचे चमकते गोळे जगाला दिले ते जर्मनीच्या थुरिंगिया भागातील लाउशा या डोंगरी गावाने, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास. मोठा कारखाना नव्हता. घराघरात दिव्याच्या ज्योतीवर बाप काच फुंकायचा, बायका-मुले आतून चांदीचा मुलामा द्यायची, रंग भरायची. मग बायका पाठीवरच्या टोपल्यांतून माल चालत झोनेबेर्गच्या व्यापाऱ्यांकडे पोहोचवायच्या. १८८० साली अमेरिकेतील दुकानदार वूलवर्थ याने हा माल अगदी नाखुशीने, थोडासाच घेतला होता. काच आहे, कोण घेणार, असे त्याला वाटले. दोन दिवसांत सगळा गेला. पुढे हाच वूलवर्थ त्याचा मोठा आयातदार झाला. टोपली वाहणाऱ्या बाईच्या वाट्याला त्यातले किती आले असेल, याचा अंदाज विडी वळणाऱ्या किंवा टॉवेलला झालर घालणाऱ्या घरातील वाचकाला सहज करता येईल.

आणि हे काम आपल्या लोकांना परके आहे असेही समजू नये. श्रीनगरचे कारागीर कागदाच्या लगद्याचे गोळे, तारे, घंटा बनवून त्यावर चिनारची पाने आणि फुले रंगवितात आणि तो माल ख्रिसमससाठी युरोप-अमेरिकेत जातो. त्यांच्याकडे कामाचे दोन भाग आहेत. लगद्याचा आकार घडविणे ती सख्तसाजी आणि त्यावर रंगकाम ती नक्काशी. बहुधा दोन वेगळी घरे ही दोन कामे करतात. ज्याच्या घरात ख्रिसमस नाही त्याच्या हातून ख्रिसमसची सजावट पिढ्यान् पिढ्या होत आली आहे.

माणसांच्या व प्राण्यांच्या प्रतिकृतींचा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या मनात येईल. भाचीने तो पहिल्या दिवशीच मिटवला. सांताक्लॉज नाही, फरिश्ते नाहीत, हरणे नाहीत. त्याची टोपी चालते, बूट चालतो, दिवा, घंटा, पानाफुलांची कडी, तारा चालतो. यात गिऱ्हाईक तुटले असे तिच्या अनुभवास आले नाही. उलट चेहरा करणे हेच या कामातील सर्वात अवघड अंग आहे आणि बिघडलेल्या चेहऱ्याचा नग कोणी घेत नाही.

भट्टीचे गणित

आता त्या ११८ नगांकडे वळू. मोडलेला तुकडा पाहून माझ्यासह सगळ्यांनी एकच निदान केले की, जास्त भाजला गेला, म्हणून ठिसूळ झाला. पोळी जास्त भाजली की कडक होऊन मोडते, तसे. हे निदान साफ चुकीचे निघाले. पॉलिमर क्ले जास्त भाजली तर काळी पडते, फुगते, तिच्यावर बुडबुडे येतात. ती ठिसूळ होते कमी भाजल्याने. कण पुरते एकजीव झाले नाहीत तर बाहेरून वस्तू घट्ट दिसते, रंगही सुरेख असतो, पण आतून ती दाबलेल्या पिठासारखीच राहते आणि थोड्या ताणाने कट्कन तुटते.

मग पाकिटावर लिहिल्याप्रमाणे भाजूनही कमी कशी भाजली? भाचीचा ओव्हन लहान, टेबलावर ठेवायचा. त्याच्या बटणावर १३० अंश लिहिलेले. त्यात वेगळा थर्मामीटर टांगून पाहिला तेव्हा पहिली दहा मिनिटे काटा १५० च्या पुढे गेला आणि मग हळूहळू उतरून १०५ वर येऊन थांबला. बटणाचा आकडा हा बटणाचा असतो, हवेचा नव्हे. शिवाय ती एका खेपेला दीडशे नग दाटीने भरत होती. जाड नग आणि बारीक काठी एकाच ताटात. बाहेर काढायची वीस मिनिटांनी.

प्रत्येक कंपनीचा आकडा वेगळा आहे, हेही तिने पाहिले नव्हते. फिमोला ११० अंश सेल्सिअस आणि अर्धा तास. स्कल्पीला साधारण १३५ अंश (म्हणजे २७५ फॅरनहाइट) आणि पाव इंच जाडीला पंधरा मिनिटे. दोन कंपन्यांची वडी एकत्र मळली तर काय करायचे हा प्रश्न उरतोच. तेव्हा एका नगात एकच कंपनीची क्ले वापरणे बरे. वेळ थोडा जास्त गेल्याने सहसा बिघडत नाही. तापमान जास्त गेल्याने मात्र बिघडते.

सध्या तिची रीत अशी आहे. ओव्हन आधी वीस मिनिटे तापवून घ्यायचा आणि काटा स्थिर झाल्यावरच माल आत ठेवायचा. खाली साध्या पत्र्याऐवजी जाड लादी ठेवायची, म्हणजे तळ करपत नाही. लादीवर पांढरा कागद अंथरायचा, नाही तर लादीला टेकलेल्या बाजूस चकाकता डाग पडतो. वरून अ‍ॅल्युमिनियमच्या कागदाचा सैल तंबू करायचा, कारण पांढरा रंग सर्वात आधी पिवळा पडतो आणि बर्फ पिवळा दिसला तर तो नग वाया गेला. प्रत्येक खेपेबरोबर त्याच वडीची एक पातळ पट्टी भाजायची. थंड झाल्यावर ती पट्टी वाकवून पाहायची. वाकली तर खेप पास. तुटली तर सगळी खेप पुन्हा आत.

पुन्हा आत, हे शब्द वाचून माझ्यासारखेच आपणही थांबला असाल. कमी भाजलेली पॉलिमर क्ले दुसऱ्यांदा भाजता येते. कुंभाराच्या भांड्यासारखे एकदाच नशीब नसते. खोक्यातले न मोडलेले २८२ नग आम्ही चार खेपांत, थर्मामीटर लावून, पुन्हा भाजले. थंड झाल्यावर भाचीने एक काठी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "मोडा." मोडली नाही. कमान होऊन परत सरळ झाली. तीस वर्षे कापडाचा पोत बोटांनी पाहणाऱ्या माणसाला त्या वेळी जे वाटले ते दुसऱ्या कोणाला सांगून कळणार नाही.

धोक्याचेही सांगितले पाहिजे. हे पीव्हीसी असल्याने करपले की हायड्रोजन क्लोराईड वायू सुटतो. तो डोळ्यांना व घशाला झोंबतो आणि घातक आहे. खिडकी उघडी असावी, ओव्हन सोडून जाऊ नये, धूर दिसताच वीज बंद करून खोलीबाहेर व्हावे. मायक्रोवेव्हमध्ये किंवा गॅसच्या उघड्या ज्योतीवर हे काम कधीही करू नये. ज्या ताटात, ज्या लाटण्याने क्ले लाटली ती पुन्हा स्वयंपाकात वापरू नयेत. खाण्यापिण्याची भांडी यापासून करू नयेत. मऊ ठेवणाऱ्या द्रव्यांपैकी थॅलेट वर्गातील काहींवर मुलांच्या वस्तूंपुरते निर्बंध आले आहेत. युरोपने २००५ साली कायदा केला, अमेरिकेने २००८ साली. त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी आपली कृती बदलली. म्हणून कोणत्या कारखान्याची हे न लिहिलेली स्वस्त वडी घेऊन परदेशी माल पाठवू नये. गिऱ्हाईकाने विचारले तर दाखवायला कागद नसतो.

सोलापूरकरांसाठी आणखी एक. २०२५ च्या मे महिन्यात भाचीने बारा वड्या पत्र्याच्या माळ्यावर ठेवल्या. महिनाभराने काढल्या तर त्या कोरड्या भाकरीच्या पिठासारख्या भुरभुरत होत्या. कच्ची क्ले भट्टीची वाट पाहत नाही, आमच्या उन्हातच भाजायला लागते. घरातील सर्वात थंड कोपरा तिला द्यावा. आणि साध्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या डबीत ठेवू नये. क्लेतील द्रव्य काही प्लॅस्टिकला खाते, डबी चिकट होऊन वडीला चिकटते. जाड पॉलिथिनची पिशवी चालते. चकाकीसाठी नेलपॉलिश लावण्याचा मोह अनेकींना होतो. काही आठवड्यांनी तो थर चिकट होतो आणि कागदाला धरतो. पाण्यात मिसळणारे वॉर्निशच लावावे.

अळूवडीची युक्ती

या कामातील खरी कमाई ज्या युक्तीत आहे ती आपल्या घरात रोज होते. अळूवडी कशी करतो? पाने आणि पीठ थरावर थर लावून गुंडाळतो, मग कापतो. प्रत्येक चकतीवर तोच भोवरा. पॉलिमर क्लेत असेच रंगीत पट्ट्या, दोऱ्या, त्रिकोणी सळ्या एकमेकांना लावून हाताएवढा जाड दांडा बनवितात, ज्याच्या तोंडावर फूल किंवा तारा दिसतो. तो दांडा सावकाश दाबत, लाटत लांब करीत नेला की फूल लहान लहान होत जाते पण मोडत नाही. तळहाताएवढे फूल हरभऱ्याच्या डाळीएवढे झाले तरी पाकळी न् पाकळी शाबूत. मग चकत्या कापायच्या. हाताने एकेक फूल रंगविणाऱ्याला जेथे दिवस लागतो तेथे दोनशे फुले तासाभरात निघतात. विणकर वाचकांना हे चटकन समजेल. नक्षी मागावर एकदा बसवायची आणि मग वार काढत जायचे.

युक्ती काचवाल्यांची आहे. इटलीत तिला मिलेफिओरी, म्हणजे हजार फुले, म्हणतात आणि व्हेनिसजवळच्या मुरानोचे नाव तिच्याशी जोडलेले आहे. पण ती मुरानोहून फार जुनी आहे. नवव्या शतकात अब्बासी खलिफांची राजधानी असलेल्या समर्रा शहराच्या उत्खननात, १९११ ते १३ च्या दरम्यान, महालाच्या भिंतीवरील अशाच काचेच्या फरशांचे तुकडे मिळाले. हैदराबादला लाड बाजारात लाखेच्या बांगड्या करणारा कारागीर निखाऱ्यावर लाख तापवून तिचा दांडा ओढतो, रंग चढवितो, ते पाहिलेल्या माणसाला पॉलिमर क्लेचे काम पाहून नवल वाटत नाही. लाखेचे काम करणाऱ्या हाताला हे महिन्याभरात जमावे असे माझे मत आहे. आठशे-हजार रुपयांच्या शिकवणीवर्गांची त्याला गरज नाही.

वहीत न लिहिलेली मजुरी

आता हिशेब. भाचीची वही मागितली. पिळाच्या काठीचा हिशेब तिने असा मांडला होता. एक लाल आणि एक पांढरी वडी, प्रत्येकी ५७ ग्रॅम, तिला तीनशेला एक पडली. दोन्हींतून दीड-दीड ग्रॅमच्या ७२ काठ्या निघतात. म्हणजे काठीला माल साधारण सव्वाआठ रुपयांचा. हूक, वॉर्निश, वीज, पिशवी मिळून तीन. एकूण सव्वाअकरा. तिने पुण्याला सोळा रुपयांनी दिली आणि काठीमागे पावणेपाच रुपये नफा समजून खूश होती.

मी विचारले, "बेटा, तुझी मजुरी कोठे आहे?"

ती म्हणाली, "मामू, मी तर घरातच असते."

या एका वाक्याने आपल्या समाजातील किती घरांचे नुकसान केले आहे! घड्याळ लावून पाहिले. मळायला वीस मिनिटे, घडवायला काठीमागे तीन मिनिटे, हूक आणि वॉर्निशला एक. ७२ काठ्यांना पाच तासांहून अधिक, आणि भट्टीची राखण वेगळी. एक दिवसच धरा. दिवसाची मजुरी चारशे धरली, जी फार नाही, तर काठीमागे साडेपाच रुपये. झाले पावणेसतरा. दहात एक नग बिघडतो, तोही उरलेल्या नवांवर बसवावा लागतो. पडली काठी एकोणीस रुपयांच्या आसपास. सोळाला दिली म्हणजे प्रत्येक काठीबरोबर तीन रुपये पुण्याला भेट पाठवले. चारशे नगांचा बाराशे रुपये तोटा, तोही माल परत येण्याआधीच!

मग एकोणीसची काठी बावीसला का विकू नये? कारण चीनच्या यीवू शहरातून येणारी प्लॅस्टिकची काठी क्रॉफर्ड मार्केटमध्ये त्याच्या अर्ध्यातही नसते. जगातील ख्रिसमसच्या सजावटीचा मोठा हिस्सा त्या एका शहरातून जातो. साध्या काठीत त्याच्याशी लढणे म्हणजे हातमागाने पॉवरलूमशी भावात लढणे. आम्ही सोलापूरकर ती लढाई पाहून बसलो आहोत.

काही जण स्वस्त पर्याय सांगतात. मक्याचे पीठ आणि फेव्हिकॉल शिजवून केलेला लगदा (त्याला कोल्ड पोर्सिलेन असे भारदस्त नाव आहे) अगदी स्वस्त पडतो आणि भाजावा लागत नाही. दिवाळीच्या पणत्यांवरील नक्षीला तो चांगला. पण तो हवेतील ओल धरतो. कोकणात किंवा पावसाळ्यात मऊ पडतो, बुरशी येते, आणि वाळताना आकसतो, त्यामुळे माप राहत नाही. शिल्पकारसारखी दोन भाग मिसळून घट्ट होणारी क्ले मजबूत आहे, पण तासाभरात हातातच कडक होऊ लागते, दांडा ओढायला वेळ मिळत नाही.

भाचीला जे चालले ते असे. काठ्या आणि तारे तिने बंद केले. जो नग यीवूला करता येत नाही तोच करायचा. वसईच्या एका कुटुंबाला त्यांच्या जुन्या घराचा दरवाजा पाहिजे होता, दीड इंच उंचीचा, त्यावर पानांची कडी आणि खाली चौघांची नावे. त्यात क्ले चार ग्रॅम, वेळ दोन तास, आणि घासाघीस अजिबात झाली नाही. दुसऱ्या एकीने आईच्या हातच्या नाताळच्या फराळाचे ताट मागितले. नेवऱ्या, कलकल, केक, सगळे मिळून एका रुपयाच्या नाण्यावर बसेल एवढे. अशा कामात ती निम्मी रक्कम आधी घेते. उधारीचा माल कापडात चालतो, कारण कापड परत आले तर दुसऱ्याला विकता येते. दुसऱ्याच्या दाराचा नमुना कोण घेणार?

पेठ आणि तारखा

सणाच्या मालाचे वर्ष सणाच्या फार आधी सुरू होते. ज्याला नाताळचा माल दुकानात द्यायचा आहे त्याने नमुने पावसाळ्यातच फिरवावेत. ऑक्टोबरनंतर दुकानदार फक्त भाव पाडायला बसलेला असतो.

परदेशी गिऱ्हाईकासाठी अनेक कारागीर एट्सी या २००५ साली अमेरिकेत निघालेल्या बाजाराकडे वळतात. तेथे प्रत्येक नग मांडायला वीस सेंट आणि विक्रीवर, पाठवणीच्या खर्चासह, साडेसहा टक्के (हा दर एप्रिल २०२२ पासून) द्यावे लागतात. पैसे वळते करण्याचा खर्च निराळा. एवढे धरून भाव ठरवावा. पण माझी काळजी वेगळी आहे. लहान पार्सलच्या धंद्याचा सगळा डोलारा अमेरिकेने आठशे डॉलरपर्यंतच्या मालाला जकात माफ केली होती यावर उभा होता. २९ ऑगस्ट २०२५ पासून ती माफी सर्व देशांना बंद झाली. त्याच्या चार दिवस आधी आपल्या टपाल खात्याने अमेरिकेचे बहुतेक टपाल घेणे थांबवले आणि ते १५ ऑक्टोबरला पुन्हा सुरू झाले. आता जकात बुकिंगच्या वेळीच भरून घेण्याची पद्धत आली. भाचीचे २४ नगांचे एक पार्सल बांधून तयार होते, ते त्या सात आठवड्यांत माझ्या दुकानातल्या फळीवर होते. गिऱ्हाईक चांगले, थांबले. सगळी थांबत नाहीत. एका देशावर आणि एका सणावर सगळा माल लावू नये, हे त्या फळीकडे रोज पाहून पटले.

त्यावरून विषय आपल्या सणांकडे वळला. रमजानमध्ये घर सजविण्याची रीत इजिप्तमध्ये जुनी आहे. तेथील फानूस, म्हणजे रंगीत कंदील, प्रसिद्धच आहे. गेल्या काही वर्षांत आखाती देशांत आणि ब्रिटनसारख्या देशांतील मोठ्या दुकानांतही चंद्रकोर, कंदील यांची सजावट नाताळाप्रमाणे मांडली जाऊ लागली. व्यापारी दृष्टीने यात एक सोय आहे. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. २०२६ मध्ये तो फेब्रुवारीत आला. २०३० साली तर जानेवारीच्या सुरुवातीस एकदा आणि डिसेंबरच्या अखेरीस पुन्हा, असा एकाच वर्षात दोनदा येईल. म्हणजे पुढची काही वर्षे नाताळ आणि रमजान शेजारीशेजारी आहेत. तोच ओव्हन, तेच हात, तीच तीन महिन्यांची धावपळ.

पुन्हा भाजलेल्या २८२ नगांपैकी २४० नग २०२५ च्या नाताळात वसई आणि बांद्र्याला गेले, भाव कमीच मिळाला. उरलेले तिने विकायचे नाहीत असे ठरवले आहे. नवीन मुलगी शिकायला आली की तिला त्यातली एक काठी वाकवायला देते आणि मोडलेल्या ११८ पैकी एक शेजारी ठेवते.

पुढच्या रमजानसाठी तिने माझ्या दुकानातून सोलापुरी चादरीच्या काठाचा एक तुकडा नेला आहे. त्याची नक्षी दांड्यात बसवून अंगठ्याएवढ्या फानूसवर चकत्या लावायच्या आहेत. काळा आणि पांढरा जमला. डाळिंबी अडला आहे. कच्चा असताना अगदी चादरीसारखा दिसतो आणि भट्टीतून निघाला की गडद होतो. आतापर्यंत सात पट्ट्या भाजून झाल्या. आठवीत तिने पांढरा किती मिसळला ते वहीत ग्रॅममध्ये लिहिले आहे, आणि त्याच्या शेजारी, न सांगता, लागलेली मिनिटेही.